ड्रॅगनला आधी वजन द्या, मग पंख

ड्रॅगन काढायला बसलं की हात सगळ्यात आधी पंख, शिंगं आणि आगीकडे धावतो. माझ्याकडे अ‍ॅनिमेशन शिकायला मुलं येतात, काही वेळा त्यांचे आईबाबाही सोबत बसतात. पहिल्या कागदावर जवळपास सगळ्यांचाच ड्रॅगन आ वासून आग ओकत असतो. चित्र म्हणून ते झकास दिसतं. पण तोच ड्रॅगन हलायला लागला की पतंगासारखा भिरभिरतो, आणि त्याच्या पाठीवर बसवलेल्या मुलाची बघणाऱ्याला काळजीच वाटत नाही. घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांनी मिळून बघायच्या ड्रॅगनच्या गोष्टीचा जीव मात्र त्या काळजीत असतो. एवढं मोठं जनावर या पोराला चिरडेल की सांभाळेल? वरून पडलं तर काय? ड्रॅगनला वजन नसेल तर हे प्रश्न मनात येतच नाहीत.

म्हणून मी शिकवताना वजनापासूनच सुरुवात करते. हाती घ्यायचा प्रसंगही छोटा ठेवते, पंधरा-वीस सेकंदांचा: एका मुलाची आणि ड्रॅगनची भेट होते आणि मग दोघं उडतात. एवढं नीट जमलं तर मोठी गोष्ट करण्याची हिंमत आपोआप येते.

साधनांवर फार वेळ घालवू नका. कागद, पेन्सिल आणि फोटो काढणारा फोन यांवरही काम होतं. कॉम्प्युटर असेल तर क्रिता, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. हाताने रेखाटायचं असेल तर क्रितापासून सुरुवात करा. सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रं) धरा आणि काढलेलं एक चित्र दोन फ्रेम टिकवा, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं लागतील. खाली मी चित्रांचे जे आकडे देते आहे ते याच हिशोबाने आहेत.

आकार ठरवा आणि त्याला घट्ट धरून राहा

पहिल्या कागदावर एक सरळ रेघ मारा आणि तिच्यावर मूल उभं करा. त्याच्या शेजारी त्याच रेघेवर ड्रॅगन उभा करा. मुलाचं डोकं ड्रॅगनच्या कुठे येतं? गुडघ्याला, छातीला की डोळ्याला? ते ठरवा, लिहून ठेवा आणि प्रत्येक शॉटमध्ये तपासा. एका शॉटमध्ये घोड्याएवढा आणि पुढच्यात घराएवढा असा ड्रॅगन लहान मुलं लगेच पकडतात.

आकार ठरला की टायमिंग त्यातूनच निघतं, आणि मला हा भाग फार आवडतो. कुठलीही वस्तू खाली पडताना पहिल्या अर्ध्या सेकंदात साधारण १.२ मीटर पडते आणि पूर्ण सेकंदात ४.९ मीटर. म्हणजे सव्वा मीटर उंचीचं मूल आपल्या उंचीइतकं पडायला १२ फ्रेम घेतं, तर पाच मीटर उंच ड्रॅगनला स्वतःच्या उंचीइतकं पडायला २४ फ्रेम लागतात. नियम दोघांना एकच आहे, तरी पडद्यावर मोठा प्राणी संथ दिसतो. ड्रॅगनची उडी, मान खाली घालणं, शेपूट आपटणं हे सगळं मुलाच्याच टायमिंगने केलंत, तर तो मुलाएवढाच वाटेल, भले चित्रात कितीही मोठा काढा.

दुसरा हिशोब पंखांचा. प्राण्याची लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन होतं आठपट. म्हणून मोठ्या ड्रॅगनला अंगाच्या मानाने खूपच मोठे पंख लागतात. क्वेत्झालकोॲटलस नावाचा उडणारा सरीसृप डायनासोरांच्या काळात होऊन गेला. त्याच्या पंखांचा पसारा दहा-अकरा मीटर होता आणि जमिनीवर तो जिराफाच्या उंचीला पोचायचा. तुमचा ड्रॅगन याहून मोठा असला तरी माझी हरकत नाही, गोष्ट कल्पनेतली आहे. पण पंख काढताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा आणि ड्रॅगनच्या छातीला खोली द्या. पक्ष्यांच्या छातीचं हाड पुढे आलेलं असतं, कारण उडायचे मोठे स्नायू तिथेच चिकटलेले असतात. सपाट छातीचा ड्रॅगन पंख मारताना खोटा वाटतो. का, ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं हे नक्की.

पंख म्हणजे हात

वटवाघळाच्या पंखाचं एखादं चित्र समोर ठेवा. खांदा, कोपर, मनगट आणि मग लांबच लांब बोटं, मधे ताणलेली कातडी. अंगठा मोकळा असतो आणि त्याला नखी असते. क्वेत्झालकोॲटलसच्या जातकुळीत हेच काम एकटं चौथं बोट करायचं. दोन्हींपैकी कुठलीही रचना घ्या, पण खांदा, कोपर आणि मनगट हे तीन सांधे प्रत्येक चित्रात कुठे आहेत ते गोल काढून दाखवा. कातडी नंतर चढवा.

चार पाय आणि वर दोन पंख अशी सहा अवयवांची रचना करत असाल तर पुढच्या पायांचा खांदा आणि पंखाचा खांदा यांत अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही एकाच जागेतून उगवल्यासारखे दिसतात. पहिल्यांदाच करत असाल तर माझं ऐका: दोन पाय आणि दोन पंखांचा ड्रॅगन घ्या. जमिनीवर तो पंखांच्या मनगटांवर टेकून चालेल, आणि त्या चालीत वजन फार सुरेख दिसतं. चिनी परंपरेतला लांब, बिनपंखांचा, पाण्यापावसाशी नातं असलेला ड्रॅगन करायचा असेल तर पंखांचा हा सगळा भाग सोडून द्या. त्याचं उडणं नदीच्या वळणांसारखं असतं. डोक्याने जी वाट काढली तीच वाट अंगाचा प्रत्येक भाग पाठोपाठ घेतो.

पंखाची एक फडफड

इथे घाई करू नका. ही १२ चित्रं नीट झाली की लूप करून, म्हणजे तीच पुन्हा पुन्हा फिरवून, हवी तेवढी वापरता येतात. लहान पक्ष्यांचे पंख दिसेनासे होतात इतके भरभर हलतात, बगळा सेकंदाला दोन-तीनदा पंख मारतो. आपल्या मोठ्या ड्रॅगनला एका फडफडीसाठी अख्खा एक सेकंद देऊ. सात चित्रं पंख खाली यायला, पाच वर जायला. खाली येताना पंख पूर्ण उघडा असतो आणि हवेला दाबत असतो, त्याला वेळ लागतो. वर जाताना तो मिटलेला असतो, म्हणून लवकर जातो.

चित्र १: पंख वर आहे, पण खांदा खाली यायला लागलाय. पंखाचं टोक अजून वरच जातंय. खांदा पुढे, टोक मागे, ही गंमत पूर्ण फडफडीत चालू राहते. चित्र ४: पंख आडवा, टोकं वर वाकलेली, आणि बोटांमधली कातडी वरच्या बाजूला फुगलेली, कारण खालून हवा रेटतेय. चित्र ७: पंख तळाशी, थोडा पुढे आलेला. चित्र ८ मध्ये मनगट वर उचललं जातं आणि टोक खाली लोंबतं. चित्र १० मध्ये पंख अर्धा मिटून अंगाजवळ येतो, कातडी सैल पडते, तिला सुरकुत्या काढा. चित्र १२ मध्ये तो वर उघडतो आणि पुन्हा १ येतं.

आता अंग. बहुतेक जण पंख हलवतात आणि धड जागच्या जागी ठेवतात, तिथेच वजन जातं. पंख खाली दाबला की धड वर उचललं जातं, पंख वर गेला की धड खाली येतं. चित्र १ ला धड सगळ्यात खाली, ८-९ च्या सुमारास सगळ्यात वर. किती वर? छातीच्या जाडीच्या पाव हिश्श्याइतकं मला योग्य वाटतं. जास्त केलंत तर ड्रॅगन धापा टाकतोय असं दिसेल, आणि थकलेला ड्रॅगन दाखवायचा असेल तेव्हा नेमकं तेच करा. डोकं मात्र जवळजवळ स्थिर ठेवा. उडणारे पक्षी मानेने अंगाचं हेलकावणं झेलतात आणि नजर एका जागी राखतात. शेपूट धडाच्या दोन चित्रं मागे, आणि शेपटाचं टोक अजून दोन चित्रं मागे.

सगळा वेळ पंख मारत ठेवू नका. अल्बट्रॉससारखे मोठे पक्षी पंख ताठ पसरून कितीतरी वेळ नुसते तरंगतात. तीन फडफडी, मग लांब तरंगणं, मग वारा बदलला म्हणून एक अर्धी फडफड, अशी लय ठेवली की उडणं जिवंत वाटतं.

उड्डाण घेताना आधी खाली दबा. मोठ्या ड्रॅगनला मी दबण्यासाठी आठ चित्रं देते आणि झेपेला दोन. रक्त पिणारी वटवाघळं जमिनीवरून उडताना पंखांच्या हातांनीच जमीन ढकलून उसळी घेतात. दोन पायांच्या ड्रॅगनला ही झेप तंतोतंत लागू पडते. उतरताना पंख पुढे आणून हवा अडवा, मागचे पाय आधी टेकवा, मग धड खाली बसू द्या, आणि पंख मिटणं सगळ्यात शेवटी.

मूल आणि ड्रॅगन

भेटीचा शॉट उडण्याच्या शॉटपेक्षा कठीण आहे. इथे ड्रॅगन फारसा हलत नाही, म्हणून त्याला श्वास द्या. १९१४ साली अमेरिकी व्यंगचित्रकार विन्झर मॅके यांनी गर्टी ही डायनासोर पडद्यावर आणली, तेव्हा तिच्या श्वासाचं टायमिंग ठरवायला त्यांनी स्वतःचा श्वास मोजला होता. तुम्हीही मोजा, आणि ड्रॅगनसाठी तो दुपटीने लांबवा. बरगड्या फुगतात, नाकपुड्या किंचित उघडतात, आणि एवढ्यानेच मुलाचे केस हलतात. केसांची ती चार चित्रं चुकवू नका. ड्रॅगन आणि मूल एकाच जागी आहेत हे बघणाऱ्याला त्यांच्यामुळे पटतं.

भावना ओठांवर नका ठेवू. माणसासारखं हसणारा ड्रॅगन मला कधीच भावला नाही. कान किंवा कानांसारख्या पाळ्या द्या: घाबरला की मागे चिकटतात, कुतूहल वाटलं की पुढे येतात. घोडा आणि मांजर दोघंही हेच करतात. डोळ्यांच्या बाहुल्या मांजरीसारख्या उभ्या ठेवल्या तर रागात चिरेसारख्या होतील आणि विश्वास बसला की गोल. ही बाहुली गोल होण्याला सहा चित्रं द्या आणि त्या वेळात बाकी काहीच हलवू नका.

पाठीवर बसवताना मुलाची जागा मानेच्या मुळाशी, पंखांच्या खांद्यांपुढे. मागे बसवलंत तर प्रत्येक फडफडीत स्नायू त्याच्या पायांखाली उसळतील. ड्रॅगनचं धड वर गेलं की मूल एका चित्रानंतर वर जातं, आणि धड खाली आलं की क्षणभर बैठकीपासून सुटतं. त्या वेळी त्याची बोटं घट्ट आवळलेली काढा. बघणाऱ्याचा हातही तेव्हा आपोआप आवळला जातो.

आग हवीच असेल तर एकदाच दाखवा. आधी लांब श्वास आत, गळा फुगतो, मान मागे जाते, दोन चित्रं सगळं थांबतं, मग ज्वाळा. ज्वाळा तोंडाला चिकटवू नका, थोडं अंतर सोडून पेटवा, आणि डोकं धक्क्याने मागे ढकला. बॉम्बार्डियर नावाचा भुंगा पोटातली दोन रसायनं एकत्र करून उकळता फवारा मारतो. तुमच्या ड्रॅगनच्या घशात असंच काहीतरी घडतं असं मानलंत, तर आग येण्याआधी थोडी वाफ दाखवायलाही कारण मिळतं.

आवाज

पंखांचा आवाज घरीच करा. जाड चादर दोन टोकांना धरून झटका, किंवा छत्री भरकन उघडा, आणि रेकॉर्डिंगचा वेग कमी करा. वेग निम्मा केला की आवाज खोल आणि जड होतो. तो चित्र २ किंवा ३ वर लावा, जिथे पंख हवेला दाबायला सुरुवात करतो. तळाशी, चित्र ७ वर लावलात तर उशिरा वाटेल.

ड्रॅगन लांब असेल तेव्हा मात्र आवाज मुद्दाम उशिरा आणा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये १४ मीटर. डोंगरकड्यापलीकडे १७० मीटरवर पंख मारणाऱ्या ड्रॅगनचा आवाज मुलापर्यंत यायला १२ फ्रेम लागतील. पंख आधी दिसू द्या, अर्ध्या सेकंदाने आवाज येऊ द्या, आणि ड्रॅगन जवळ येईल तसं हे अंतर १२ वरून ८, ८ वरून ४ असं कमी करत शून्यावर आणा. तो मुलासमोर उतरेल त्या फ्रेमला पंख आणि आवाज एकत्र असले पाहिजेत.