स्वस्तात चांगली दुनळी: पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदूक कशी निवडायची

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी आता ऑफिसातल्या मित्रांबरोबर फेझंट (कोंबड्याएवढा रानपक्षी) नाहीतर क्वेलच्या (लाव्यासारखा छोटा पक्षी) शिकारीला जायला लागली आहेत आणि मग प्रश्न येतोच, की हजार डॉलरच्या आत बरी दुनळी मिळते का? मिळते, नक्की मिळते. फक्त पैसे कशाला द्यायचे ते आधी ठरवा. बंदूक अंगाला बसली पाहिजे आणि तिची यंत्रणा साधी, घट्ट असली पाहिजे, बाकी नक्षीकाम आणि चकचकीत दस्ता बघून भुलू नका. आणि हे सगळं तिकडचंच बरं का, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार बंद आहे, त्यामुळे गावी माळ्यावर आजोबांची बारा बोअर असली तरी तितर-लाव्याचा विचारसुद्धा करायचा नाही.

आधी कागदपत्रं, कारण यात आपली माणसं अडकू शकतात. तुम्ही एच-वन-बी किंवा तसल्याच नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक आणि काडतुसं जवळ ठेवायला मुळात बंदी आहे, आणि त्यातून सूट मिळते ती चालू हंटिंग लायसन्स असेल तर. म्हणजे क्रम असा, की आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग राज्याचं लायसन्स, आणि मगच दुकान, तिथे बंदूक विकत घेण्याचा ४४७३ नंबरचा फेडरल फॉर्म भरावा लागतो. लायसन्सची मुदत संपू देऊ नका, संपली की सूटही गेली. ग्रीनकार्डवाल्यांना ही भानगड नाही, पण राज्याचे नियम सगळ्यांनाच, उदाहरणार्थ इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगायचं राज्याचं ओळखपत्र, लागतंच. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हिसाचा प्रश्न आहे, अंदाजावर चालू नका.

आता बंदूक. दुनळी दोन प्रकारची, नळ्या शेजारी-शेजारी किंवा वर-खाली. माझं स्पष्ट मत, कमी बजेटमध्ये शेजारी-शेजारी नळ्यांची, दोन चापांची घ्या. एका चापाची यंत्रणा जास्त गुंतागुंतीची, आणि स्वस्त बंदुकीत दुसरा बार न उडण्याची तक्रार बहुतेक तिथूनच सुरू होते. दोन चापांत तसं काही नाही, पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा, पक्षी जवळ उठला तर पुढचा, लांब गेला तर मागचा, बोट आपोआप शिकतं. काडतूस उडवून बाहेर फेकणारा इजेक्टरही नको, नुसतं वर उचलून देणारा एक्स्ट्रॅक्टर पुरतो, रिकामी टरफलं खिशात जातात आणि रानात कचरा होत नाही.

गेज, म्हणजे नळीच्या रुंदीचं माप (आकडा लहान तितकी नळी रुंद), १२ की २०? दिवसभर गवतातून चालायचं असेल तर २०. जुना ब्रिटिश हिशोब आहे की बंदुकीचं वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं, म्हणजे एक औंस छऱ्यांना सहा पौंडांची बंदूक, आणि सव्वा औंसाला साडेसात पौंडांची. हलक्या १२ गेजमध्ये जड काडतुसं घातली की खांदा सुजणार हे यातूनच कळतं. फक्त फेझंटच मारायचेत, तेही हंगामाच्या शेवटी लांबून उठणारे, तर १२ घ्या. घरात दोन्ही गेज असतील तर काडतुसं कधीही एका खिशात ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून १२ चं घातलं आणि चाप ओढला तर नळी फुटते, हात जातो. २० ची काडतुसं पिवळी करतात ती म्हणूनच.

नवीन घ्यायची तर ब्राझीलमध्ये बनणारी स्टोगर अपलँडर सगळ्यात स्वस्तातली, दिसायला ओबडधोबड पण काम करते. थोडे जास्त घालता आले तर तुर्कस्तानातल्या हुग्लू गावची, सीझेड कंपनीच्या नावाची बॉबव्हाइट, मला ही जास्त आवडते, हातात हलकी वाटते. जुन्यात स्टीव्हन्स ३११ अजून भरपूर फिरतात, जड आहेत पण दणकट.

जुनी घेताना घाई करू नका. पुढचं लाकूड काढा, नळ्या बंद करून दस्ता धरून हलवा, बिजागरीत जराही खडखड आली तर सोडून द्या. वरची लिव्हर बंद स्थितीत मधोमध किंवा जरा उजवीकडे असावी, डावीकडे गेलेली म्हणजे कुलूप झिजलंय. नळ्या उजेडाकडे धरून आतून बघा, गंजाचे खड्डे, पोचा, फुगल्याची कडी असं काही दिसतंय का. डमास्कसच्या, म्हणजे वळ्यावळ्यांची नक्षी असलेल्या नळ्यांत आजची काडतुसं घालायचीच नाहीत. चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही बघा, जुन्या ब्रिटिश बंदुका अडीच इंची असतात, पावणेतीन इंची काडतूस आत बसतं खरं पण उडताना तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला निमुळतेपणा, जितका जास्त तितके छर्रे कमी पसरतात. तो उजवीकडे इम्प्रूव्हड सिलिंडर (मोकळा), डावीकडे मॉडिफाइड (जरा आवळ) असला की फेझंट-क्वेल दोन्हीला चालतं. बदलता येणारे चोक असतील तर उत्तम, कारण बदकांसाठी १९९१ पासून देशभर शिशाचे छर्रे बंद आहेत आणि फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर) फेझंटलाही शिसं चालत नाही, मग स्टीलचे छर्रे वापरताना मोकळा चोक लावता येतो. जुन्या, न बदलता येणाऱ्या फुल (सगळ्यात आवळ) चोकच्या नळीतून स्टीलचे छर्रे मारू नका, नळी खराब होते. तिथे बिस्मथ वापरा, महाग आहे पण मऊ आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, माप. शिकारीचं जाकीट घालूनच दुकानात जा. बंदूक रिकामी आहे हे स्वतः उघडून बघा, सुरक्षित दिशेला तोंड करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नजर सरळ नळ्यांवरच्या पट्टीवरून गेली पाहिजे, मान वाकवावी लागली तर माप चुकलं. अंगठा आणि नाक यांत दोन बोटांचं अंतर हवं. दुकानातले बरेचसे दस्ते साडेचौदा इंचाच्या आसपास असतात, आपल्यातल्या बुटक्या माणसांना, बायकांना ते लांब पडतात, काखेत अडकतात. चांगला गनस्मिथ दस्ता कापून देतो आणि त्यावर घातलेले पैसे कधीच वाया जात नाहीत.

घेतल्यावर लगेच रेंजवर जा. मोठा कागद लावा, ४० यार्डांवरून प्रत्येक नळीचा एकेक बार काढा, दाट भागाभोवती ३० इंची वर्तुळ काढून छर्रे मोजा. काडतुसातल्या एकूण छऱ्यांपैकी मॉडिफाइडचे साधारण ६० टक्के आत यायला हवेत, इम्प्रूव्हड सिलिंडरचे ५०. मग जरा जवळून, २५ यार्डांवरून, दोन्ही नळ्या एकाच खुणेवर मारतात का बघा. स्वस्त दुनळीत हा दोष सापडतो, एक नळी भलतीकडेच मारते, आणि तो घरी दुरुस्त होत नाही, म्हणून वॉरंटी काय आहे ते पैसे देण्याआधीच विचारून ठेवा आणि दोष निघालाच तर छर्रे मारलेला कागद दुकानात दाखवायला सोबत घेऊन जा.