जिप्सीचा गिअरबॉक्स घरी उतरवून परत बांधायचा तर

थर्डवरून सेकंडला घेताना खर्र आवाज यायला लागला की बहुतेक जण काय करतात, तर डबल क्लच (एका गिअर बदलात क्लच दोनदा) मारायची सवय लावून घेतात आणि गाडी तशीच वर्षभर चालवतात. मीही तेच केलं. माझी मारुती जिप्सी ९८ ची, एमजी४१३डब्ल्यू मॉडेल, १२९८ सीसीची कार्ब्युरेटरवाली, पावसाळ्यात चिखलात आणि ओढ्यात भरपूर फिरलेली. एका चढावर फर्स्ट गिअर आपोआप उडून न्यूट्रल झाला आणि गाडी मागे घसरायला लागली, शेजारी पुतण्या बसलेला. ब्रेक लागला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी बॉक्स खाली उतरवला. त्यानंतर आजवर माझा आणि दोन मित्रांचा मिळून तीन वेळा हे काम केलंय, त्यावरून लिहितोय.

आधी प्रश्न हा की दुसरा बॉक्स टाकायचा की आपलाच उघडून, दुरुस्त करून बांधायचा. २०१८ संपता संपता मारुतीने जिप्सीचं बुकिंग बंद केलं, तेव्हापासून चांगला जुना बॉक्स मिळणं अवघडच होत चाललंय. भंगारवाल्याकडे जो मिळतो तो पण कुणाच्या तरी ओढ्यातूनच आलेला असतो आणि वरून रंग मारून ठेवलेला असतो. माझं स्पष्ट मत, केस फुटलेली नसेल आणि गिअरचे दात तुटलेले नसतील तर आपलाच बॉक्स बांधा, त्यात काय झालंय ते निदान आपल्याला माहीत असतं. दुसरा घ्यायचाच असेल तर आपली जुनी क्लच प्लेट दुकानात घेऊन जा आणि त्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर (इंजिनकडून येणाऱ्या दांड्यावर) बसतेय का ते सरकवून बघा, मग शाफ्ट धरून वरखाली हलवा, बारीकसा प्ले (ढिलेपणा) असतोच पण टकटक वाजत असेल तर तो बॉक्सही उघडावाच लागणार, मग पैसे कशाला घालवायचे. ऑइल काढू देत नसेल तर घेऊच नका.

उतरवायच्या आधी आवाज नीट ऐका, कारण बॉक्स खाली आला की तो काही बोलत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि क्लच सोडा, घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर जात असेल तर इनपुट शाफ्टचं नाहीतर काउंटर शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर ते क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो पण उघडायची गरज नाही, हे ध्यानात ठेवा, माझ्या एका मित्राला एका गॅरेजने याच आवाजासाठी पूर्ण बॉक्स उघडायचं बिल लावलं होतं. एकाच गिअरला खर्र होत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारं पितळेचं कडं), सगळ्याच गिअरना होत असेल तर आधी क्लचची केबल आणि प्लेट तपासा. गिअर उडत असेल तर स्लीव्हचे (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे) दात, ती स्लीव्ह सरकवणारा फोर्क, गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग आणि शाफ्टच्या बेअरिंगचा प्ले, हे सगळंच बघावं लागतं.

जिप्सीची एक गोष्ट फार चांगली आहे. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मागे वेगळा बसवलेला असतो आणि मधे एक छोटा शाफ्ट. त्यामुळे ट्रान्सफर केस जागेवर ठेवूनच बॉक्स निघतो, आणि अॅल्युमिनियमचा असल्यामुळे दोघांना आरामात पेलतो.

गाडी सपाट जागेवर, चारी बाजूंनी घोड्यांवर (जॅक स्टँडवर). नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे मी दहा वेळा सांगेन. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऑइल काढायचं म्हणून गाडी घोड्यांवर घ्यायच्या आधीच जरा फिरवून आणा म्हणजे पातळ होऊन सगळं येतं, आणि खालचा बोल्ट खोलायच्या आधी बाजूचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, खालचा खोलून बसलात आणि वरचा गंजून अडकला तर गाडी तिथेच. ऑइल एका स्वच्छ परातीत घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. मग त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला मऊ काळपट लगदा लागला तर चालतं, जुन्या बॉक्समध्ये तेवढं निघतंच. कण बोटाला टोचले तर दात किंवा बेअरिंग गेलंय. आणि उन्हात परात तिरकी केली की चुंबकाला न लागणारी सोनेरी पूड चमकते ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंगची. माझ्या परातीत तळाला हळद सांडल्यासारखी दिसत होती.

आतून गिअर लिव्हरचं रबर वर करा, खाली टोपी दिसेल, ती दाबून उलटी फिरवली की लिव्हर वर निघते. भोकात लगेच स्वच्छ चिंधी कोंबा. खालून स्टार्टर, क्लच केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, सायलेन्सरचा मधला पाइप, हाउसिंगखालचा (क्लचभोवतीच्या कव्हरखालचा) पत्रा हे सगळं सुटं करा. प्रोपेलर शाफ्ट (ताकद पुढे नेणारा फिरता दांडा) काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (बोल्ट लागतात त्या चकत्यांवर) पांढऱ्या पेंटची रेघ मारा, म्हणजे जसा होता तसाच परत बसेल, नाहीतर नंतर व्हायब्रेशन शोधत बसाल. मधल्या छोट्या शाफ्टचे ट्रान्सफरच्या बाजूला चार बोल्ट असतात, पुढचं टोक बॉक्सच्या शेपटीत (मागच्या टोकात) नुसतं सरकवलेलं असतं. पुढच्या एक्सलचा शाफ्टही काढलात तर हात फिरवायला जागा होते.

आता इंजिनच्या चेंबरखाली (खालच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक लावा, कारण बॉक्स निघाला की इंजिन मागे झुकतं. बॉक्सलाही जॅक लावूनच मागचं माउंटिंग सोडा. हाउसिंगचे वरचे बोल्ट वरून दिसतच नाहीत, लांब एक्स्टेन्शनला वाकणारा जॉइंट आणि गोटी (सॉकेट) लावून खालून, मागच्या बाजूने जावं लागतं. बॉक्स सरळ रेषेत मागे ओढायचा. पहिल्या वेळी मी आणि चुलतभाऊ, दोघांचे हात भरून आले म्हणून आम्ही बॉक्स अर्धवट बाहेर असताना शाफ्टवर लटकत ठेवला आणि पाणी प्यायला गेलो. सगळं बांधून झाल्यावर गाडी उचलताना थरथरायला लागली, क्लच प्लेटचा हब (मधला भाग) वाकला होता. पूर्ण काम परत करावं लागलं.

उघडण्याआधी बाहेरून रॉकेल आणि ब्रशने इतका धुवा की चिखलाचा एक कण राहायला नको. टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरा, पांढरीच, कारण त्यावर पडलेली गोळी दिसते. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि निघेल तो पार्ट निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जा.

आधी पुढचं रिलीज बेअरिंग, फोर्क आणि इनपुट शाफ्टचं कव्हर. मग मागचा केस. तो ओढून निघत नसेल तर हातोडा घेऊ नका, आत शिफ्ट शाफ्टचं टोक फोर्कच्या खाचांत अडकलेलं असतं, ते हलकं फिरवून सोडवावं लागतं. त्यानंतर मुख्य केस. हा शिंपल्यासारखा दोन भागांत उघडतो, सगळे शाफ्ट एका भागात पडून राहतात, ते बघायला मला अजूनही आवडतं. बोल्ट काढले की प्लास्टिकच्या हातोडीने कडेने ठोकत जा. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून आयुष्यभर ऑइल गळतं. शाफ्ट उचलताना इनपुट आणि मेन शाफ्टच्या मधलं सुई बेअरिंग निसटतं, खाली हात धरा. फोर्कच्या दांड्या काढताना गोळ्या आणि स्प्रिंगा उडतात, भोकावर बोट ठेवूनच काढा, आणि कुठली स्प्रिंग कुठल्या भोकातली ते चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा.

मेन शाफ्ट सोडायला लॉक प्लायर आणि पुलर लागतो. पुलर नसेल तर शाफ्ट लेथवाल्याकडे प्रेसवर घेऊन जा, घरी छिन्नी लावून बेअरिंग ठोकू नका. सिंक्रोचा हब (शाफ्टवरचा मधला भाग) आणि त्यावरची स्लीव्ह वेगळे करायच्या आधी दोन्हींवर मार्करने खूण करा, कुठली बाजू पुढे ते पण लिहा. इथे उलटं बसवलं तर गिअर नीट पडणारच नाही आणि ते सगळं बंद केल्यावरच कळतं.

सिंक्रो रिंगची परीक्षा सोपी आहे. रिंग गिअरच्या कोनावर ठेवा, अंगठ्याने दाबून फिरवा. चांगली रिंग लगेच पकडते, गेलेली रिंग तुपावरून बोट फिरावं तशी घसरते. मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट तीन-चार ठिकाणी मोजा. नव्या रिंगला साधारण १ ते १.४ मिमी असते, ०.५ च्या खाली गेली तर टाकून द्या. माझी सेकंडची जवळजवळ चिकटली होती. आता स्लीव्हचे दात बघा, टोकं भाल्यासारखी पाहिजेत. घासून गोल झाली असतील तर नवी रिंग टाकून उपयोग नाही, आवाज जाईल आणि गिअर उडायचा तसाच उडेल. फोर्कची टोकं आणि स्लीव्हमधली चरही तपासा.

बेअरिंग सगळी बदला, ज्याचा आवाज येतो तेवढंच नाही. सुई बेअरिंग, सगळे सील, सिंक्रोच्या चाव्या (हब आणि स्लीव्हमधले छोटे तुकडे) आणि स्प्रिंगाही. एवढी मेहनत करून जुनं सील परत बसवण्यात काय अर्थ आहे. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर बरंच मिळतं. बेअरिंगचा नंबर कडेवर कोरलेला असतो, तो घेऊन चांगल्या कंपनीचं घ्या, नकली डबे बाजारात खूप आहेत.

बांधताना प्रत्येक पार्टला गिअर ऑइल लावून मगच बसवायचं. बेअरिंग शाफ्टवर जात नसेल तर ऑइलमध्ये शंभरेक डिग्रीपर्यंत गरम करा, अलगद सरकतं. ठोकायची वेळ आलीच तर फक्त आतल्या रेसवर (कड्यावर) पाइप टेकवून, बाहेरच्या रेसवर मारलं तर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. सिंक्रोच्या दोन स्प्रिंगांची तोंडं एकाच चावीवर येऊ देऊ नका. रिंगच्या खाचा चाव्यांवर बसल्यात का ते प्रत्येक वेळी बोटाने चाचपा. केस बंद करायच्या आधी बेअरिंगवरच्या रिंगा आपापल्या खाचांत बसल्या पाहिजेत. बसल्या नसतील तर केस मिळत नाही आणि माणूस बोल्ट आवळून मिळवायला बघतो, मग केस फुटते. हाताने दाबून मिळाला पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला.

गॅस्केट मेकर (फट बंद करायची पेस्ट) दोन्ही कडा कोरड्या पुसून एकाच बाजूला, शिवणीच्या दोऱ्याएवढी बारीक रेघ. जास्त लावलं तर आतल्या बाजूला पिळून निघतं आणि तुकडे ऑइलमध्ये फिरतात. बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत आवळा. मग टेबलावरच इनपुट शाफ्ट हाताने फिरवत पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. कुठेही जड लागलं तर परत उघडा, गाडीत चढवल्यावर सैल होईल या आशेवर राहू नका.

चढवायच्या आधी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग बघून घ्या, बॉक्स खाली असताना हे जवळपास फुकटात होतं. प्लेट सेंटरला बसवायला डमी शाफ्ट वापरा, लेथवाला लाकडाचासुद्धा करून देतो. बॉक्स जात नसेल तर शेपटीकडून शाफ्ट थोडा थोडा फिरवा, दाते जुळले की आपोआप आत जातो. बोल्टने ओढून आत घेऊ नका.

ऑइल १.३ लिटर, ८०डब्ल्यू-९०, आणि जीएल-४ दर्जाचंच. दुकानदार डिफरन्शिअलवालं जीएल-५ देतो आणि म्हणतो हे भारी आहे. त्यात पितळेची रिंग कोनाला नीट पकडत नाही, आणि त्यातल्या केमिकलचा पितळेला त्रास होऊ शकतो तो वेगळाच. गाडी सपाट उभी असताना बाजूच्या भोकातून ओघळ येईपर्यंत भरा. मी पहिल्या पाचशे किलोमीटरला ते काढून नवीन टाकतो, तोवर नव्या रिंगांची पूड खाली आलेली असते.

माझ्या बॉक्समध्ये पाणी शिरलं ते ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जायच्या बारीक तोंडातून. तासभर चालून बॉक्स तापलेला असतो, तसाच गार ओढ्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि श्वास आत ओढल्यासारखं पाणी खेचते. आता मी ब्रीदरला रबरी नळी लावून ती इंजिनाच्या बाजूला वर, एअर फिल्टरच्या उंचीला बांधली आहे, टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर. दोन्ही एक्सलनाही तसंच केलंय. ओढ्याच्या आधी दहा मिनिटं गाडी थांबवून थंड होऊ देतो, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न हलवता खालचा बोल्ट दोन आटे सैल करतो. पाणी जड असतं, रात्रभरात तळाला बसतं आणि पहिला थेंब त्याचाच येतो. गेल्या पावसाळ्यात प्रत्येक वेळी पहिला थेंब ऑइलचाच आला.