घरच्या संगणकाची ताकद संशोधनाला भाड्याने देताना या चुका टाळा

बॉइंक या सॉफ्टवेअरमध्ये रोज वाढत जाणारे क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत, हे सर्वांत आधी समजून घ्यावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संस्थेत तयार झालेली ही प्रणाली आइन्स्टाइन अॅट होम, रोझेटा अॅट होम अशा संशोधन प्रकल्पांचे काम आपल्या संगणकाला वाटून देते आणि केलेल्या कामाची केवळ नोंद ठेवते. मोबदला हवा असल्यास २०१३ पासून चालू असलेल्या ग्रिडकॉइनसारख्या आभासी चलनाची वेगळी जोडणी करावी लागते. ग्राफिक्स कार्ड तासावर भाड्याने घेणारी संकेतस्थळेही आहेत, परंतु तेथे येणारे काम संशोधनाचेच असेल असे गृहीत धरू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक विजेच्या हिशेबात होते. पॉवर सप्लायवर छापलेला आकडा ही त्याची क्षमता असते, प्रत्यक्ष वापर नव्हे. म्हणून प्लगमध्ये लावण्याचा छोटा वॉटमीटर आणून मोजावे. संगणक ३०० वॉट घेत असेल, तर दिवसाला ७.२ आणि तीस दिवसांत २१६ युनिट होतात. ठाणे किंवा वाशीतील एखाद्या घराचा मूळ वापर १८० युनिट धरला, तर एकूण ३९६ युनिट होतात आणि त्यांतील ९६ युनिटना महावितरणच्या ३०१ ते ५०० या महागड्या टप्प्याचा दर लागतो. संगणकाचा खर्च सरासरी दराने नव्हे, तर मूळ वापराच्या वर गेलेली २१६ युनिटे ज्या-ज्या टप्प्यात पडतात, त्या टप्प्यांच्या दरांनी काढावा. बिलाच्या मागे टप्पे दिलेले असतात. शिवाय आभासी चलन विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि त्यातून वीजबिल वजा करता येत नाही. हे दोन्ही धरल्यावर अनेकांचा हिशेब तोट्यात जातो, आणि तो महिनाभर संगणक चालवल्यानंतर नव्हे, तर आधीच कळायला हवा.

काम होऊनही ग्रिडकॉइन जमा होत नसेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात. सर्व प्रकल्पांत एकच ई-मेल पत्ता दिलेला आहे का, कारण तो वेगळा असल्यास बॉइंकमधला आपला एकच ओळखक्रमांक राहत नाही, प्रकल्पागणिक वेगळा होतो. प्रकल्प ग्रिडकॉइनच्या मान्य यादीत आहे का. आणि बॉइंकमधील ओळख ग्रिडकॉइनच्या खात्याशी जोडणाऱ्या बीकन नावाच्या नोंदीचे मुदतीत नूतनीकरण केलेले आहे का.

आपल्याकडील हवा हा वेगळाच प्रश्न आहे. कोपरखैरणेतील माझ्या घरी संगणकाचे कॅबिनेट लाकडी कपाटात ठेवले होते. मे महिन्यात प्रोसेसर तापून आपोआप मंदावत असे आणि कामे चुकीच्या निकालाने रद्द होत. कॅबिनेट मोकळ्या जागी आणले, पंख्यांवरची धूळ काढली आणि बॉइंकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचा वापर ६० टक्क्यांवर आणला, तेव्हा चुका थांबल्या. खाडीजवळच्या दमट हवेत धूळ चिकटून बसते, त्यामुळे ही सफाई पावसाळ्यापूर्वी आणि नंतर करावीच. लॅपटॉप मात्र या कामाला लावू नये, कारण सततच्या उष्णतेने त्याची बॅटरी फुगू शकते.

प्रत्येक कामाला परत पाठवण्याची मुदत असते. वीज गेली, संगणक दोन दिवस बंद राहिला आणि कामाचा साठा मोठा असला, तर मुदत टळून क्रेडिट बुडते. म्हणून किती दिवसांचे काम आधी साठवायचे, हा बॉइंकच्या सेटिंगमधील आकडा एकाहून कमी ठेवावा.

नोंदणीसाठी आधी पैसे मागणाऱ्या योजनेत उतरू नये, आणि कार्यालयाच्या संगणकावर परवानगीशिवाय हे सॉफ्टवेअर कधीही बसवू नये.