एसक्यूएल सुबक लिहिण्याने फरक पडतो का?

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायची भाषा. तिच्यातलं ‘सिलेक्ट’ कॅपिटलमध्ये लिहायचं की स्मॉलमध्ये, यावर आपल्या कॉलेज रोडच्या क्लासमधली पोरं तासभर भांडतात. भांडू नका, डेटाबेसला दोन्ही सारखंच. टीममध्ये जे चालतं ते धरा. टेबलांची नावं मात्र स्मॉलमध्येच ठेवा. मायएसक्यूएल (एक डेटाबेस) विंडोजच्या लॅपटॉपवर हा फरक पोटात घालतं आणि लिनक्स सर्व्हरवर तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, ‘टेबल नाही’ म्हणते.

खरी मेख आहे ती अट कुठे लिहिता यात. मला यानेच सगळ्यात जास्त छळलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, पिंपळगावच्या एखाद्या द्राक्ष पॅकहाउसचा डेटा आहे. एक टेबल शेतकऱ्यांचं, दुसरं पावत्यांचं. यादीत सगळे शेतकरी हवेत, फेब्रुवारीत ज्यांचा माल आलाच नाही तेसुद्धा. तुम्ही लेफ्ट जॉइन लावता, म्हणजे शेतकऱ्यांच्या सगळ्या ओळी ठेवून पावत्या जोडता, आणि तारखेची अट खाली व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात, टाकता. ज्याची पावतीच नाही त्याच्यापुढे तारखेच्या जागी नल, म्हणजे ‘माहितीच नाही’, असतो. नलची तारखेशी तुलना कधीच ‘खरी’ ठरत नाही आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवतं. झालं, ते शेतकरी उडाले. ज्यांची पावती फक्त जानेवारीतली होती तेही उडाले. नावाला लेफ्ट, काम इनर जॉइनचं, म्हणजे दोन्हीकडे जुळतील तेवढ्याच ओळी. एरर नाही, काही नाही! तीच अट ऑनमध्ये, म्हणजे टेबलं कशावर जोडायची ते सांगणाऱ्या भागात, लिहा, सगळे परत येतात. मोजताना काउंटमध्ये पावती क्रमांक द्या. तारांकन (*) दिलंत तर माल न आलेल्यापुढेही 1 दिसेल.

म्हणून सुबकपणा हवा. प्रत्येक जॉइन नव्या ओळीवर, त्याचं ऑन त्याच्याच खाली. फ्रॉममध्ये, म्हणजे टेबलांची नावं देतो तिथे, स्वल्पविराम देऊन टेबलं जोडणं तर आजच सोडा. अट विसरलात तर प्रत्येक शेतकऱ्यापुढे प्रत्येक पावती लागते आणि 500 शेतकरी आणि 4000 पावत्यांच्या 20 लाख ओळी समोर येतील.

‘टॉप 50 क्वेरी’च्या झेरॉक्स पाठ करून मुलाखत निघते, नोकरी निघत नाही. आणि तुमची क्वेरी गुपचूप दुरुस्त करून देणाऱ्या सिनियरपेक्षा ‘हे ऑनमध्ये का नाही?’ म्हणून पिडणारा बरा.

सुरुवातीला सगळ्यांचंच डोकं गरगरतं, घाबरू नका. शेतकरीनिहाय ग्रुप केलेल्या यादीच्या ओळी मोजा, शेतकऱ्यांच्या मूळ टेबलशी ताडून पाहा. कमी भरल्या तर आधी व्हेअर तपासा.