‘गेट’चा अर्थ कसा ओळखावा

इंग्रजी ‘गेट’चे अर्थ पाठ करत बसू नका, ते संपत नाहीत. (फाटक या अर्थाचा ‘गेट’ वेगळा. त्यातला ‘ए’ लांब, या क्रियापदातला आखूड.) वाक्यात ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा, अर्थ बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

आधी नाम आहे का बघा. असेल तर मिळणं किंवा आणणं: ‘आय गॉट अ लेटर’, पत्र मिळालं, ‘गेट मी सम वॉटर’, मला पाणी आणून दे.

पुढे विशेषण असेल तर ‘होणं’. इथे ‘बी’शी गल्लत होते. ‘ही इज अँग्री’ म्हणजे तो रागावलेला आहे, ‘ही गॉट अँग्री’ म्हणजे तो रागावला. एकात स्थिती, दुसऱ्यात बदल. लग्नाबद्दल बोलताना ही चूक हमखास होते, कारण मराठीत ‘माझं लग्न झालंय’ आणि ‘गेल्या वर्षी माझं लग्न झालं’ या दोन्हींत ‘होणं’च आहे. मग ‘आय ॲम मॅरीड लास्ट इयर’ असं तोंडून जातं. कधी झालं ते सांगायचं तर ‘आय गॉट मॅरीड लास्ट इयर’ म्हणा. कुणाशी झालं ते सांगताना ‘विथ’ नको, ‘टू’ घ्या.

पुढे ठिकाण असेल तर पोहोचणं: ‘गेट टू द स्टेशन’. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ घालू नका. ‘घरी’ला आपणही पुन्हा ‘ला’ लावत नाही.

काम दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर क्रम असा: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट.’ मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं तरी न्हाव्याकडे गेल्याचं समजून घेतात. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर इंग्रजीत सहसा स्वतःच कात्री चालवली असा अर्थ निघतो. वस्तूऐवजी माणूस आला तर ‘टू’ लागतो: ‘आय गॉट हिम टू साइन’, त्याला सही करायला राजी केलं. ‘आय मेड हिम साइन’मध्ये ‘टू’ नाही, आणि जबरदस्तीची छटा आहे.

‘ओव्हर’, ‘बाय’, ‘अलाँग’ असे शब्द पुढे आले की शब्दकोशात पूर्ण जोडीच शोधा. ‘गेट ओव्हर’ सावरणं, ‘गेट बाय’ कसंबसं भागवणं, ‘गेट अलाँग’ पटणं.

‘आय हॅव गॉट अ पेन’ म्हणजे माझ्याकडे पेन आहे. अमेरिकी इंग्रजीत ‘हॅव गॉटन’ मात्र ‘मिळालं आहे’ किंवा ‘झालं आहे’ अशा अर्थाने येतं.

औपचारिक अर्जात ‘गेट’ टाळून ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ वापरा. लग्नासाठी मात्र ‘बिकम मॅरीड’ कानाला खटकतं, तिथे सरळ ‘मॅरी’ लिहा.