लिनक्सचा ड्रायव्हर लिहायला शिकायचाय? एकच सेन्सर धरा आणि तडीस न्या

अंबडला आमच्या युनिटमध्ये द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान नोंदवणारे बोर्ड बनतात. ड्रायव्हर म्हणजे लिनक्सला एखादं उपकरण वापरता यावं म्हणून लिहिलेला कोड. तो शिकायला नवीन मुलं आली की मी त्यांच्या हातात जाडजूड पुस्तक देत नाही. बीगलबोन ब्लॅक हा लिनक्स चालवणारा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड, एलएम७५ हा तापमानाचा सेन्सर आणि बोर्डाशी बोलायला यूएसबी-सिरियल केबल देतो. केबल ३.३ व्होल्टचीच घ्या, ५ व्होल्टच्या सिग्नलने प्रोसेसरची पिन जाऊ शकते.

सी भाषा आणि पॉइंटर पक्के असतील तर आधी रिकामं मॉड्यूल लिहा, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तो चालू असताना घालता-काढता येणारा कोड. ते लोड-अनलोड करून कर्नल लॉगमध्ये आपल्या दोन ओळी दिसल्या की पुढे सरका. बोर्डावर चालणाऱ्या कर्नलच्याच सोर्सवर ते बिल्ड करा.

मग डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी यादी. इथे मुलं सगळ्यात जास्त अडकतात. ट्रीमधला 'कम्पॅटिबल' मजकूर आणि ड्रायव्हरमधला मजकूर अक्षरन् अक्षर जुळला तरच कर्नल तुमचं प्रोब फंक्शन (उपकरण जुळल्यावर ड्रायव्हरचं काम सुरू करणारं) बोलावतो. एखादा स्वल्पविराम चुकला तर बहुतेक वेळा एररही येत नाही, नुसती शांतता. म्हणून प्रोबची पहिली ओळ लॉगमध्ये छापणारीच ठेवा. एलएम७५ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या 'कम्पॅटिबल'ला स्वतःचं वेगळं नाव द्या.

आता खरी मजा. २५ अंशांना सेन्सर दोन बाइट देतो: हेक्समध्ये आधी १९, मग ००. सेन्सर आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या जोडणीवर बोलतो. ती वाचायला कर्नलमध्ये एसएमबस नावाची फंक्शनं आहेत; त्यातलं साधं वर्ड-रीड (दोन बाइट एकदम वाचणारं) पहिला बाइट खालचा धरतं आणि बाइटांची अदलाबदल होते; 'स्वॅप्ड' नावाचं फंक्शन वापरा. मूळ सेन्सरमध्ये वरचे ९ बिटच कामाचे, एक पायरी अर्ध्या अंशाची. साइन्ड (उणे आकडेही धरणाऱ्या) प्रकारात घेतलं नाही तर उणे ०.५ अंश २५५.५ दिसतं. द्राक्षं शून्याच्या आसपास ठेवतात, तेव्हा हे तपासल्याशिवाय बोर्ड पिंपळगावला पाठवायचा नाही.

शेवटी सेन्सरची अलार्म पिन इंटरप्टला, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या सिग्नलला, जोडा. इंटरप्ट हँडलरमध्ये (तो सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वाट बघत थांबता येत नाही आणि आय-स्क्वेअर-सीच्या वाचनात तर वाट बघावी लागते, म्हणून थ्रेडेड इंटरप्ट घ्या (यात काम थांबू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये होतं) आणि वाचन त्या थ्रेडमध्ये करा. हा नियम अंगवळणी पडेपर्यंत नवा सेन्सर हातात घेऊ नका.

एवढं चाललं की कर्नलमधला एलएम७५ चा ड्रायव्हर उघडा आणि आपल्या कोडशेजारी ठेवून ओळीनं वाचा.