तारांगणाची सहल: आधी प्रश्न ठरवा, मग तारीख

अंधार झाला, घुमटावर तारे उमटले की मुलं खूश होतातच. त्यात शिक्षकाचं कर्तृत्व काही नाही. शिकवायचं असेल तर फळ्यावर जे जमत नाही तेवढंच तारांगणाकडून घ्यावं: महिनाभराचं आकाश काही मिनिटांत फिरवून दाखवणं. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये १९२३ साली झाइस कंपनीचा तारांगणासाठीचा पहिला प्रोजेक्टर दाखवला गेला, त्यातही ग्रहांची चाल अशी वेगात दाखवायची सोय होती.

म्हणून सहलीसाठी एकच प्रश्न निवडा आणि तो हालचालीचा असू द्या. ‘सूर्यमाला’ हा विषय नको, तो पुस्तकातल्या चित्रांनीही भागतो. ‘चंद्र रोज उशिरा का उगवतो?’ हा चांगला.

मग तारांगणात फोन करा. इयत्ता सांगा, प्रश्न सांगा आणि कार्यक्रम नुसती फिल्म आहे की कुणी समोर उभं राहून आकाश समजावणार आहे, ते विचारा. फिल्मच असेल तर आधी दहा मिनिटं चंद्राची चाल दाखवाल का, असं विचारून बघायला हरकत नाही.

सहलीआधीची तयारी सगळ्यात महत्त्वाची. अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांनी सुरुवात करा. रोज सूर्यास्ताला, एकाच जागेवरून, मुलांनी चंद्राचा आकार आणि जागा वहीत काढायची. ढग असतील तर रकाना कोरा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. हात लांब केला की मूठ साधारण १० अंशांची भरते. चंद्र रोज मुठीहून थोडा जास्तच पूर्वेला सरकलेला दिसेल. पुढच्या आठवड्यात तो कुठे असेल, हे प्रत्येकाने आधीच लिहून ठेवायचं.

घुमटाखाली वर्कशीट देऊ नका. अंधारात टॉर्च लागतो आणि सगळ्यांचंच आकाश फिकं पडतं. उद्याचा चंद्र कुठे, ते बोटाने दाखवायला सांगा, तेवढं पुरे. लहान मुलांना अंधाराची कल्पना आधी द्या.

चंद्राच्या कला का होतात, म्हणजे त्याचा आकार का बदलतो, हे मात्र वर्गात दिवा आणि चेंडू घेऊनच समजतं. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरून स्वतःभोवती फिरायचं. पृथ्वीच्या सावलीने कला होतात, असं अनेकांना वाटत असतं. चेंडू मुद्दाम खाली घ्यायला लावा: दिव्याकडे पाठ होताच डोक्याची सावली चेंडूवर पडते. ते ग्रहण, आणि तेही फक्त पौर्णिमेच्या जागी.